कागद साक्षीदाराच्या आधी येऊ द्या

प्रति,
माननीय प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, सोलापूर,
तसेच जिल्ह्यातील फौजदारी न्यायालयांचे सर्व माननीय न्यायाधीश, सरकारी वकील आणि तपास अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी या जिल्ह्यात आरोपींच्या बाजूने फौजदारी खटले चालवते आहे. त्यांतील काही वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होते, त्यामुळे फी देऊ शकणारे आणि न देऊ शकणारे असे दोन्ही पक्षकार मी जवळून पाहिले आहेत. हे पत्र कोणा एका न्यायालयाविरुद्ध, पोलीस ठाण्याविरुद्ध किंवा सरकारी वकिलाविरुद्ध तक्रार म्हणून लिहिलेले नाही. पुढे येणाऱ्या प्रसंगांतून ठिकाणे आणि नावे मी मुद्दाम गाळली आहेत, कारण ती घातली तर चर्चा त्या माणसांची होईल आणि ज्या सवयीबद्दल मला बोलायचे आहे ती तशीच राहील. ती सवय अशी, की पुराव्याचा कागद आरोपीच्या वकिलाच्या हाती पडतो तो साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहण्याच्या बेतात असताना, आणि त्या कागदाला उत्तर देण्यासाठी जो वेळ मिळतो तो हक्काचा नसून मेहेरबानीचा असतो.

एक प्रसंग सांगते. खटला खुनाचा होता. आरोपी यंत्रमागावर टॉवेल विणणारा पंचविशीतला तरुण, अडीच वर्षे कच्चा कैदी. मयताला आरोपीसोबत शेवटचे पाहिले असे सांगणारा साक्षीदार त्या दिवशी तपासला जाणार होता. गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपली होती आणि सुट्ट्यांमुळे तुंबलेले काम त्या आठवड्यात एकदम बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या खटल्यांच्या यादीवर, आले होते. सकाळी अकराला दहा मिनिटे कमी असताना पैरवीच्या, म्हणजे पोलिसांतर्फे न्यायालयाचे काम पाहणाऱ्या, हवालदारांनी यादीसोबत एक गठ्ठा दाखल केला. त्यात १८० पाने होती: तीन मोबाइल क्रमांकांचे सी.डी.आर. (फोन कॉलच्या नोंदी), टॉवरच्या पत्त्यांचा तक्ता, आणि मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याचे, या इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचे, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरची तारीख पाहिली, ती एकोणीस महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे तो कागद एकोणीस महिने कोणाच्या तरी कपाटात पडून होता, आणि माझ्यापर्यंत यायला त्याने साक्षीदाराचे नाव पुकारले जाण्याची वाट पाहिली.

मी मुदत मागितली. साक्षीदार बाहेरगावाहून आला आहे, त्याला पुन्हा बोलावणे अवघड आहे, अशी हरकत सरकार पक्षाने घेतली, आणि ती खोटी नव्हती. न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. त्या दिवशीचा बोर्ड पाहता तेवढेही उदारपणेच दिले गेले असे मी मानते. रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या दैनंदिन नोंदीत, लिहिले गेले, ‘बचाव पक्षाच्या विनंतीवरून तहकूब’. या एका ओळीकडे मी पुढे परत येणार आहे.

बाहेर व्हरांड्यात आरोपीचा थोरला भाऊ उभा होता. त्याने विचारले, “मॅडम, त्या गठ्ठ्यात आमच्या पोराविरुद्ध काय आहे?” मला माहीत नव्हते, आणि तसे सांगण्याखेरीज गत्यंतर नव्हते. ज्याच्या जिवावर बेतलेला खटला आपण चालवतो त्याच्या माणसाला ‘अजून वाचले नाही’ असे सांगणे बावीस वर्षांनंतरही मला जमत नाही.

सी.डी.आर. ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते, कारण एका रात्रीची मुदत म्हणजे नेमके काय हे त्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक ओळीत फोन करणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ, बोलण्याचे सेकंद, फोन सुरू होतानाचा टॉवर, संपतानाचा टॉवर आणि हँडसेटचा आय.एम.ई.आय. क्रमांक असतो. टॉवरचे नाव नसते, सांकेतिक आकडा असतो. तो आकडा पत्त्यांच्या तक्त्यात शोधायचा, पत्ता नकाशावर बसवायचा, आणि त्या टॉवरची ती शाखा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही पाहायचे, कारण एकाच टॉवरच्या दोन बाजूंना दोन वेगळी गावे असू शकतात. एका पानावर चाळीस ओळी धरल्या तर १८० पानांत सात हजारांहून अधिक ओळी होतात. त्या रात्री मी, कोणीही वकील करेल तसेच, आरोपीचा क्रमांक आधी वाचला, मग मयताचा. तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले तेव्हा पहाट झाली होती आणि तो क्रमांक कोणाचा हे यादीत कोठेही लिहिलेले नव्हते.

सकाळी उलटतपास झाला. चार महिन्यांनी युक्तिवादाची तयारी करताना ते कागद मी पुन्हा निवांत उलगडले, तेव्हा कळले की तिसरा क्रमांक त्या साक्षीदाराचा स्वतःचाच होता, आणि ज्या वेळी आपण आरोपीला पाहिले असे तो शपथेवर सांगून गेला त्या वेळी त्याचा फोन दुसऱ्याच तालुक्यातील टॉवरवर होता. याला सरळ कारण असू शकते. फोन मुलाकडे असेल, दुकानात राहिला असेल. परंतु ते कारण त्याला विचारायला हवे होते, आणि विचारण्याची वेळ निघून गेली होती. मी साक्षीदारास पुन्हा बोलावण्याचा अर्ज दिला. ‘बचावातील उणिवा भरून काढण्यासाठी केलेला अर्ज’ असे त्यावर सरकार पक्षाचे म्हणणे आले. अर्ज मंजूर झाला, साक्षीदार यायला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने आरोपी आत राहिला. खटल्याचा निकाल काय लागला हे मी येथे सांगणार नाही, कारण तो तरुण दोषी असता तरीही हे पाच महिने असेच गेले असते आणि माझे म्हणणे हेच राहिले असते.

आता कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे पोलीस अहवाल, फिर्याद, साक्षीदारांचे जबाब आणि सोबतचे कागद आरोपीला विनामूल्य, विनाविलंब आणि कोणत्याही परिस्थितीत तो हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत द्यायचे आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ मध्ये ‘विनाविलंब’ होते, पण दिवसांचा आकडा नव्हता. नव्या कलमात पीडित व्यक्तीचा वकील असेल तर तिलाही प्रती मिळतात. कलम १९३ ने तपास अधिकाऱ्यावर प्रतींचे संच सूचीसह न्यायालयात देण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा दोषारोपपत्रासोबतच्या कागदांची तारीख आता ठरलेली आहे. अडचण पुढे सुरू होते. दोषारोपपत्रानंतर येणारा सी.ए. रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल), पुरवणी जबाब, सी.डी.आर. किंवा डी.व्ही.आर.मधील (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधील) चित्रण यांना असा आकडा नाही. कलम १९३ च्या नवव्या पोटकलमात खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीने पुढील तपास करण्याची आणि तो ९० दिवसांत संपवण्याची तरतूद आहे, ही मुदत वाढवताही येते. परंतु त्या तपासातून निघालेला कागद मिळाल्यापासून आरोपीला तो वाचायला किमान किती दिवस मिळावेत, याबाबत कलम गप्प आहे.

उशिरा आलेला कागद घेऊच नये असे मी म्हणत नाही. सी.बी.आय. विरुद्ध आर. एस. पै या २००२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की दोषारोपपत्रासोबत चुकून राहून गेलेला कागद नंतर दाखल करता येतो, आणि तो निवाडा मला पटतो. प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा आला म्हणून सत्य दाराबाहेर उभे करणे शहाणपणाचे नाही. पण कागद दाखल करण्याची मुभा आणि त्याच दिवशी तो साक्षीदारासमोर ठेवण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला निवाड्याचा आधार आहे. दुसरी आपल्या सर्वांच्या घाईतून रूढ झाली आहे.

येथे एक जुना निवाडा आठवतो. पुलुकुरी कोटय्या हे नाव उच्चारले की आपल्यापैकी प्रत्येकाला पुरावा कायद्याचे कलम २७ आठवते, म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर ती माहिती पुराव्यात घेण्याची तरतूद. शेतातून काढून दिलेली कुऱ्हाड आणि चाकू यांवरचे हजारो युक्तिवाद त्यावर उभे आहेत. पण प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, त्या निवाड्याचा पहिला भाग आपण क्वचित उघडतो, आणि तो साक्षीदारांचे जबाब उशिरा मिळण्याविषयीच आहे. तपास अधिकाऱ्याच्या वहीत टिपलेले साक्षीदारांचे जबाब बचाव पक्षाला मिळाले तेव्हा त्या साक्षीदारांचा उलटतपास होऊन गेला होता. प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की हा हक्क अत्यंत मोलाचा आहे आणि तो डावलणे हा कायद्याचा भंग आहे. जबाब कधीच मिळाले नाहीत तर आरोपीची हानी झाली असे अनुमान जवळपास टाळता येणार नाही, असेही म्हटले. मात्र त्या खटल्यात जबाब उशिरा का होईना मिळाले होते आणि त्यातून प्रत्यक्ष हानी दिसली नाही, म्हणून या कारणावरून शिक्षा रद्द झाली नाही. हानी दाखवा, मगच दाद मिळेल, ही कसोटी तेव्हापासून आजवर चालत आली आहे. माझी अडचण तिच्या व्यवहाराशी आहे. जो प्रश्न कागद न वाचल्यामुळे सुचलाच नाही तो विचारला गेला नाही याची हानी निकालानंतर अपिलात कशी दाखवायची? म्हणून ही गोष्ट अपिलावर न सोडता तारखेच्या दिवशीच सांभाळली गेली पाहिजे, आणि ते सत्र न्यायालयाच्या, दंडाधिकाऱ्यांच्या आणि सरकारी वकिलांच्याच हाती आहे.

आता रोजनाम्यातील त्या ओळीकडे येते. नव्या संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे, परिस्थिती पक्षकाराच्या आवाक्याबाहेरची असेल तेव्हा, दुसऱ्या बाजूची हरकत ऐकून आणि कारणे लेखी नोंदवून, दोनपेक्षा अधिक तहकुबी देता येत नाहीत. खटले रेंगाळू नयेत हा त्यामागचा हेतू कोणालाही मान्य व्हावा. परंतु सकाळी आलेला गठ्ठा वाचण्यासाठी मी मागितलेली तारीख जर ‘बचाव पक्षाच्या विनंतीवरून’ या सदरात गेली, तर माझ्या दोन संधींपैकी एक सरकार पक्षाच्या उशिराने खाल्ली. पुढे आरोपीचा जामीन अर्ज सुनावणीला आला की हाच रोजनामा वाचून दाखवला जातो आणि खटला लांबण्यास आरोपीच जबाबदार आहे असे सांगितले जाते. मी स्वतः असा युक्तिवाद तीनदा ऐकला आहे, आणि तिन्ही वेळा नोंद कागदोपत्री खरी होती. म्हणूनच ती अधिक बोचते.

पैसे नसलेल्या कुटुंबाला या तारखेची किंमत वेगळी मोजावी लागते. विड्या वळणारी एक आई प्रत्येक तारखेला मुलाला दुरून पाहण्यासाठी यायची. एक तारीख म्हणजे तिची त्या दिवशीची हजार विड्यांची मजुरी. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि उर्दू, न्यायालयात मराठी, आणि प्रयोगशाळेचा अहवाल व सी.डी.आर. इंग्रजीत. कागद आदल्या आठवड्यात हाती आला तर मी तो मुलाला कारागृहात भेटून समजावू शकते, त्याच्याकडून विचारून घेऊ शकते की हा क्रमांक कोणाचा, हा पत्ता कोठला, त्या दिवशी कामाची पाळी पहिली होती की रात्रीची. खटल्याची माहिती सर्वांत जास्त आरोपीला असते, वकिलाला नाही. तोच कागद साक्षीदार उभा असताना आला तर पिंजऱ्यातील मुलगा आणि मी एकमेकांकडे बघत राहतो, मध्ये पोलीस पार्टी उभी असते, आणि विचारायचे ते विचारता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील वकिलाशी सल्लामसलतीचा हक्क अशा वेळी कागदावर शाबूत असतो. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद १४ मध्ये बचावाच्या तयारीसाठी पुरेसा वेळ आणि सोयी हे शब्द आहेत. त्यातील ‘सोयी’ हा शब्द मला अशा वेळी हटकून आठवतो.

डिजिटल पुराव्याने ही गोष्ट आणखी अवघड केली आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता आवश्यक झाले आहे, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करते. पंच आणि पंचनामा यांवर आपण सगळ्यांनीच इतकी वर्षे घालवलेली शक्ती त्यामुळे वाचू शकेल. परंतु ते चित्रण आरोपीला केव्हा आणि कशावर पाहता येणार? कागद फार मोठे असतील तर प्रत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची किंवा केवळ पाहणी करू देण्याची सवलत कलम २३० मध्ये आहे, आणि इलेक्ट्रॉनिक प्रत दिली म्हणजे कागद दिले असे समजले जाते. पेनड्राइव्ह मला मिळतो, पण तो खिशात घेऊन मी कारागृहातल्या माझ्या पक्षकाराला काही दाखवू शकत नाही. दिलीप विरुद्ध केरळ राज्य या २०१९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातील मजकूर हा ‘दस्तऐवज’ असल्याचे म्हटले, आणि पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तेथे प्रत न देता केवळ पाहणी करू देण्याचा मार्ग सांगितला. त्याआधी तरुण त्यागी प्रकरणात हार्ड डिस्कची क्लोन (हुबेहूब) प्रत देण्याचे तत्त्व मान्य झाले होते. म्हणजे वाटा आहेत. त्या वाटांनी जायला लागणारे दिवस तेवढे कोणी मोजत नाही.

आतापर्यंत उशिरा येणाऱ्या कागदाबद्दल लिहिले. कधीच न येणारा कागद हा याच सवयीचा दुसरा टप्पा आहे. एका लुटीच्या प्रकरणात दोषारोपपत्रासोबत एका दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण होते. तपास अधिकाऱ्यांच्या उलटतपासात मी सहज विचारले की शेजारी आणखी दुकाने आहेत का. ते प्रामाणिकपणे म्हणाले की आहेत, दोन ठिकाणचे चित्रण घेतलेही होते, पण त्यात काही दिसले नाही म्हणून जोडले नाही. ‘काही दिसले नाही’ हे त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होते. रस्त्याच्या त्या टोकाला आरोपी दिसला नाही, हे माझ्या दृष्टीने कदाचित सगळे काही होते. तोपर्यंत ते चित्रण पुसले गेले होते. त्या अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. काय उपयोगाचे हे ठरवणारा माणूस एकाच बाजूचा असला की असे होते.

२० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतील त्रुटींबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात यावर उपाय सांगितला आहे. तपासात मिळालेले, पण सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही असे जबाब, कागद आणि वस्तू यांचीही यादी आरोपीला द्यावी, म्हणजे गरज भासल्यास तो ती मागण्यासाठी अर्ज करू शकेल, असा नियम त्या आदेशात आहे आणि सर्व उच्च न्यायालयांना सहा महिन्यांत तो आपल्या नियमांत आणण्यास सांगितले होते. मे २०२२ मधील मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निवाड्यात तेच पुन्हा ठामपणे आले, आणि मे २०२५ मधील सरला गुप्ता निवाड्याने मनी लाँडरिंगच्या खटल्यांतील आरोपींनाही ही यादी मिळण्याचा हक्क मान्य केला. लक्षात घ्यावे की यात सर्व कागद द्या असे म्हटलेले नाही, यादी द्या एवढेच म्हटले आहे. दोन पानांचे काम आहे. माझ्या हाती आलेल्या दोषारोपपत्रांत अशी यादी मला अभावानेच दिसली, आणि खरे सांगायचे तर ती मागणारे अर्जही आम्ही वकील अभावानेच करतो.

वेगाचा आग्रह समजण्यासारखा आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बालकाची साक्ष दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असे कायदाच सांगतो, आणि बालकाला वारंवार न्यायालयात बोलावले जाऊ नये असेही सांगतो. नेमका तेथेच उशिराचा कागद सर्वांत जास्त घात करतो. वैद्यकीय किंवा डी.एन.ए. अहवाल मुलीची साक्ष झाल्यावर आला, तर एकतर तिला पुन्हा बोलवावे लागते किंवा आरोपीला प्रश्न न विचारताच पुढे जावे लागते. दोन्हींपैकी कोणताही पर्याय निवडला तरी चूक तिची नसते आणि त्याचीही नसते. पीडितेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या सहकारी वकिलांना मी म्हणेन, की ही मागणी आरोपीच्या वकिलांची आहे म्हणून बाजूला ठेवू नका.

खांडव्याच्या खटल्याचे उदाहरण याच प्रकारचे आहे. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून, असा कोणाचेही मन विदीर्ण करणारा गुन्हा. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोपीला न्यायालयाने वकील दिला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली गेली. १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले, आणि जेथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तेथे नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत असे म्हटले. फेरखटल्यात पुन्हा फाशी झाली, आणि डी.एन.ए. पुराव्याची नव्याने छाननी झाल्यावर २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षे. पंधरवड्यात संपवलेला खटला शेवटी अकरा वर्षे चालला, आणि त्या मुलीच्या आईवडिलांना इतक्या वर्षांनी हाती काय मिळाले याचा विचार केला तरी जीव दडपतो.

सोलापूरकराला घाईचा आणखी एक दाखला सांगावा लागत नाही. स्वातंत्र्यलढ्यातील मे १९३० ची सोलापुरातील घटना, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आपल्या चार हुतात्म्यांना फाशी. मध्ये आठ महिने. आजच्या न्यायालयांची त्या राजवटीशी तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. त्यांच्या पुतळ्यांवरून रोज न्यायालयात जाताना तो आठ महिन्यांचा हिशेब मनात येतो, इतकेच.

दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारी वकिलांना तोच गठ्ठा त्याच सकाळी मिळतो. कित्येकदा मी त्यांना माझ्याइतकेच गोंधळलेले पाहिले आहे. तपास अधिकारी बंदोबस्तातून परस्पर न्यायालयात येतात, मधल्या काळात त्यांची बदली झालेली असते, आणि फाइल कोणत्या कपाटात आहे हे नव्या माणसाला माहीत नसते. प्रयोगशाळांवरचा भार सर्वांना ठाऊक आहे. आणि आम्ही? पूर्ण कागद महिनाभर हाती असताना तारखेच्या दिवशी ‘तयारी नाही’ म्हणणारे वकील आमच्यात आहेत. उशिराच्या कागदाचे निमित्त मिळाल्यावर मनातून सुखावणारेही आहेत. न्यायालयाला आमच्या मुदतीच्या अर्जाचा वीट आला असेल तर त्याला थोडे आम्हीही कारण आहोत.

म्हणून माझी विनंती अशी व्यवस्था बसवण्याची आहे, जिच्यात कोणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. दोषारोप ठेवण्याआधी सरकार पक्षाने एक पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, द्यावी, तिच्यात दिलेल्या कागदांची सूची आणि विसंबून नसलेल्या साहित्याची यादी असावी. त्यानंतर येणारा प्रत्येक कागद तो तपास अधिकाऱ्याच्या हाती कोणत्या तारखेला आला आणि आजवर का दिला नाही हे लिहूनच दाखल व्हावा, आणि साधा कागद असेल तर पूर्ण सात दिवस, सी.डी.आर., चित्रण किंवा प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर पंधरा दिवस उलटल्याशिवाय तो साक्षीदारासमोर ठेवला जाऊ नये. या कारणाने तारीख पडली तर रोजनाम्यात ती कोणत्या पक्षाच्या विलंबामुळे पडली हे स्पष्ट लिहावे, आणि आरोपी कोठडीत असेल तर जामिनाच्या वेळी ती नोंद त्याच्या विरुद्ध वाचली जाऊ नये. फिकट कार्बनची झेरॉक्स ही प्रत मानू नये. चित्रण असेल तेथे वकिलासोबत आरोपीला ते कारागृहातच पाहण्याची एक वेळ ठरवून मिळावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि प्रत्येक दाद मागण्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही, हे खरे. पण कागद मिळाला नाही एवढ्यासाठी कोल्हापूरलाही जावे लागू नये.

आमच्या बाजूने आम्ही काय द्यावे, हेही सांगते. नव्या संहितेच्या कलम ३३० प्रमाणे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांचा खरेपणा कबूल किंवा नाकबूल करायचा असतो. पूर्ण संच सूचीसह मिळाला तर ही मुदत मी पाळेन, आणि ज्या कागदाबद्दल खरा वाद नाही तो उगीच नाकारून साक्षीदाराला हेलपाटे घालायला लावणार नाही. पूर्ण कागद हाती असताना मी मुदत मागितली तर हे पत्र माझ्यासमोर ठेवावे.

पुरसीशीचा मसुदा सोबत देते. त्यात हवा तो बदल करावा, आणि सर्वत्र नको असेल तर जिल्ह्यातील एकाच सत्र न्यायालयात सहा महिने वापरून पाहावा.

‘सरकार पक्षातर्फे सादर करण्यात येते की, या खटल्यातील तपासात मिळालेले आणि सरकार पक्ष ज्यांवर विसंबून आहे असे सर्व कागद व इलेक्ट्रॉनिक साहित्य सूची “अ” प्रमाणे आरोपीस अमुक तारखेस दिले आहे. तपासात मिळालेले परंतु सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही असे जबाब, कागद व वस्तू यांची यादी सूची “ब” प्रमाणे दिली आहे, आणि ते साहित्य खटल्याचा निकाल लागेपर्यंत नष्ट केले जाणार नाही. अद्याप न मिळालेले अहवाल सूची “क” मध्ये नमूद आहेत. ते मिळाल्यापासून तीन दिवसांत त्यांची प्रत आरोपीच्या वकिलांस दिली जाईल. सही, तपास अधिकारी. सही, सरकारी वकील. प्रत मिळाली, सही, आरोपीचे वकील. दिनांक.’

आपली विश्वासू,
एक फौजदारी वकील,
सोलापूर